पारापुढून सायकल

चुडावा,
ता. २० जून १९८८

चि. रुख्मिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जर्मन लोक ज्वारीला पाखरांचं खाद्य समजतात हे ऐकून तुझी वहिनी सरजाबाई दोन दिवस जेवताना हसायलीय. परभणीच्या कृषी विद्यापीठानं आपली प्राध्यापक बाई धान्य टिकवायचं शिकायला सहा महिने जर्मनीला पाठवावी आणि तिथं तिला कळावं की आपण खानदानी पाखरं आहोत, म्हणजे प्रशिक्षण चांगलं चाललंय.

बातमी अशी की मनकर्णा दहावी पास झाली. शंभरात एकाहत्तर. मी तिकीटखिडकीतून पेढे वाटले. तिकिटावर पेढा मिळतो म्हणून दोघांनी काम नसताना मिरखेलचं तिकीट काढलं. अकरावी सायन्सला पूर्णेच्या कॉलेजात तिचं नाव घातलं. अडचण एकच, कॉलेज साडेसातला भरतं आणि आपली पहिली पॅसेंजर नऊच्या पुढं. म्हणून सायकल. परभणीहून एक लेडीज सायकल आणली, वापरलेली, पण चाकं सरळ आहेत. पोरगी आठ दिवसांत शिकली. सहाव्या दिवशी स्टेशन मास्तरांच्या भेंडीच्या वाफ्यातून आरपार गेली, तेव्हाच मी समजलो की हिला जमणार.

आता तुला राग येईल ते लिहितो. रस्ता मधल्या गावातून जातो, हे तुला सांगायला नको. वेशीच्या आत पार, पारावर सकाळ-दुपार दिनकरराव आणि त्यांची चार-पाच मंडळी. मनकर्णेला मी सांगितलंय की पार दिसला की उतरायचं, सायकल हातात धरून पुढच्या कडुलिंबापर्यंत चालायचं, मग बसायचं. जाताना आणि येताना. आबा उतरत, मी उतरतो, आपल्या वस्तीतला प्रत्येक माणूस उतरतो. कुणी सांगत नाही, कुठं लिहिलेलं नाही, कायदा तर उलटाच आहे. पण कायदा पूर्णेच्या ठाण्यात राहतो आणि पोरगी रोज पारापुढून जाणार.

तिनं मला विचारलं की उतरून चालायचं तर सायकल कशाला. मी म्हणालो, दहा किलोमीटरला सायकल आणि शंभर पावलांना पाय. त्यावर तिनं काही विचारलं नाही. हे तिचं गप्प बसणं तुझ्यावर गेलंय, तूही असंच गप्प बसून नंतर चार पानी पत्र लिहितेस.

तब्येतीची फिकीर कर. लोभ असू दे, सल्ला बेतानं पाठव.

तुझा,
दादा (किशनराव)


म्युनिकजवळून,
ता. २ जुलै १९८८

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

मनकर्णा पास झाल्याचं वाचलं आणि मी इथं प्रयोगशाळेत सगळ्यांना चॉकलेट वाटलं. माझ्या वाटणीचा पेढा वहिनीनं खाल्ला असेल, तिला पचो.

दादा, नामांतरासाठी तुम्ही अकरा दिवस जेलात होता. चार महिने सस्पेंड होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून ओरडून तुमचा घसा बसला, तो अजून पुरता सुटलेला नाही. दहा वर्षं झाली, नाव मिळालं नाही, तुम्ही मागणं सोडलं नाहीत. आणि पोरीला शिकवता काय, तर उतर. म्हणजे विद्यापीठाच्या फाटकावर नाव बाबासाहेबांचं हवं, आणि त्या फाटकाकडं निघालेली पोरगी पायी हवी. हे मी रागानं लिहीत नाही. रागानं लिहिलेलं पत्र फाडलं, हे दुसरं आहे.

माझी घरमालकीण हूबरबाई सत्तर वर्षांची आहे. रोज सायकलवर बाजारात जाते. इथं बाई सायकलवर बसली तर कुणी बघत नाही, पडली तर बघतात. तिची एक जुनी काळी सायकल आहे, पुढं वेताची टोपली, चालताना म्हशीसारखी सुस्कारते. गेले दोन महिने मी तीच वापरते. सोळा तारखेपासून आम्हाला तीन आठवडे सुट्टी आहे. बाकीची प्रशिक्षणार्थी मंडळी पॅरिस बघायला चालली आहेत. मी उल्म नावाच्या गावापासून डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं व्हिएन्नापर्यंत सायकलवर जाणार आहे. सातशे किलोमीटर, एकटी. ऑस्ट्रियाचा व्हिसा पासपोर्टावर पडलेला आहे, तेव्हा तुमचा नकार उशिरा पोचला असं समजा. मनकर्णेला नकाशात नदी दाखवा.

एक अट मी माझ्यावर घातली आहे. या सातशे किलोमीटरमध्ये बसलेल्या माणसांपुढं सायकलवरून उतरायचं नाही. चढ आला, चाक बसलं, भूक लागली, तर उतरेन. माणसं बसलेली दिसली म्हणून नाही. मी हे निभावलं तर मनकर्णा पारापुढून सायकलवर बसून जाईल. आहे कबूल?

उत्तर पासाऊ गावच्या मोठ्या पोस्टात माझ्या नावानं पाठवा. मागायला जाईपर्यंत तिथं ठेवून घेतात. पत्ता मागे लिहिला आहे.

वहिनीला नमस्कार, मनकर्णेला आशीर्वाद. लोभात मला सवलत नको, पूर्ण तिकीट लावा.

आपली,
रुख्मिणी


चुडावा,
ता. १३ जुलै १९८८

चि. रुख्मिणीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सरजाबाईला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं की बाईमाणूस एकटी नदीकाठानं जायलीय तर तिला संध्याकाळी भाकर कोण देणार. मी म्हणालो, ती कुणाशी तरी भांडेल आणि शेवटी तेच जेवायला घालतील, आपल्याकडं आली की असंच होतं.

आता तुझ्या व्याख्यानाकडं येतो. तू मला जेलची आठवण दिलीस, मीही तुला एक देतो. गेल्या वर्षी मे महिन्यात मनकर्णेला मागं बसवून तू पूर्णेच्या बाजारातून माझ्या सायकलवर आलीस. मधलं गाव आलं. प्राध्यापक बाई उतरल्या. भाची उतरली. दोघी कडुलिंबापर्यंत चालल्या. तेव्हा पोरीला हे मी एकट्यानं शिकवलेलं नाही. मी सांगायला गेलो तर ती म्हणाली, ठाऊक हाय, आत्या पण उतरती.

आबा आठवतात का तुला? रेल्वेच्या गँगमधून आले की तुला दांडीवर आणि मला कॅरिअरवर बसवून बाजारला न्यायचे. पार आला की दोघांना खाली उतरवायचे आणि सांगायचे की सायकलला दम लागलाय. आपण दोघं टायरला हात लावून बघायचो, गरम झालं का. सातवीत जाईपर्यंत मला खरंच वाटायचं की सायकलला त्या एकाच गावात दम लागतो. आपल्याला लाज वाटू नये म्हणून आबा खोटं बोलले. मी मनकर्णेला खरं सांगितलं. माझ्या पिढीत तेवढी सुधारणा झाली.

आणि भीतीचं म्हणशील तर तीही खोटी नाही. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात, नामांतराच्या दंगलीत, आपल्या वस्तीतली बायकापोरं आठ दिवस स्टेशनच्या मालधक्क्यावर राहिली होती. मनकर्णा सहा वर्षांची होती, पोत्यांच्या आडून बाहेर यायला तयार नव्हती. त्या आठ दिवसांत दिनकरराव कुठं होते ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. तुझ्या नदीकाठची माणसं तुला ओळखत नाहीत. तिथं न उतरणं सोपं आहे. इथं मला सगळे ओळखतात आणि मला इथंच राहायचंय.

कॉलेज सुरू झालं. मनकर्णा जाते, उतरते, चालते, पुन्हा बसते. काही घडलं नाही. काही न घडणं एवढीच माझी मागणी आहे. तुझी पैज मी घेतलेली नाही, हे लिहून ठेव. पोरीनं मात्र युरोपचा नकाशा काढून भिंतीवर चिकटवलाय आणि रोज अंदाजानं त्या नदीवर एक टिंब देते.

अनोळखी पाणी उकळून पी. लोभ आहे म्हणूनच बोलतो.

तुझा,
दादा


डोनाउव्योर्थ,
ता. १९ जुलै १९८८
(चित्राचं कार्ड)

ती. दादा, सौ. वहिनी, चि. मनकर्णा यांस,
स. जयभीम. वि. वि.

उल्म सोडून तिसरा दिवस. शंभर किलोमीटर झाले. मांड्या दुखतात, बाकी ठीक. इथं गावोगावी खाणावळीबाहेर बाकांवर म्हातारे बसलेले असतात. आजवर एकापुढंही उतरले नाही. दादा, पैज लक्षात ठेवा. मनकर्णे, तू पण पारापुढून बसून जा.

लोभाची खात्री आहेच.
रुख्मिणी


पासाऊ,
ता. २६ जुलै १९८८

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आज इथल्या पोस्टात मिळालं. खिडकीतल्या माणसानं पासपोर्ट, पत्र आणि मी असं तीन वेळा आळीपाळीनं पाहिलं. तुमच्या खात्यातला शोभला असता.

आधी मुख्य ते सांगते. डोनाउव्योर्थहून टाकलेलं कार्ड खोटं आहे.

पहिल्याच दिवशी, उल्म सोडून दोन तास झाले होते. एक खेडं, रस्त्याला लागून खाणावळ, बाहेर बाकावर चार म्हातारे, पुढ्यात बिअरचे पेले. मला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. ब्रेक दाबला गेला आणि मी रस्त्यावर उभी, हँडल हातात, नजर चाकाकडं. अगदी आपल्यासारखी. चालायला लागले तेवढ्यात त्यातला एक उठला, आत गेला आणि पंप घेऊन आला. त्यानं पुढचं चाक अंगठ्यानं दाबलं, मग मागचं. दोन्ही टणक. साखळी पाहिली, ती जागेवर. मग माझ्याकडं पाहून काहीतरी विचारलं. माझं जर्मन मोडकं आहे, पण एवढं समजलं, की मग उतरलात कशाला?

दादा, चव्वेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडं विचारत नाहीत, कारण सगळ्यांना माहीत असतं. त्याला खरं सांगायचं तर आधी सगळा हिंदुस्थान सांगावा लागला असता, आणि माझ्याकडं क्रियापदं कमी. मी म्हणाले, सायकलला दम लागलाय. त्यानं गंभीरपणे मान हलवली, आत जाऊन तेल आणलं आणि साखळीला घातलं. आज तुमच्या पत्रात आबा वाचले आणि मी पोस्टाच्या पायरीवर बसून राहिले. आपण दोघांनी हजारो मैलांवरून एकाच आठवड्यात आबांचं तेच वाक्य काढलं.

त्या दिवशी पाच वेळा उतरले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी दोन, आणि त्याच संध्याकाळी ते कार्ड लिहिलं. वाटलं, एकदा लिहून टाकलं की पाय तरी लाजतील. इंगोलश्टाटनंतर आणखी एकदा झालं. मग रेगेन्सबुर्गच्या पुढं एका चर्चबाहेर अख्खं लग्न बसलं होतं, नवरीसकट शंभर माणसं. बोटं ब्रेकवर गेली. ब्रेक दाबला नाही. तिथून पुढं आजवर नाही.

इथं सगळे म्हातारे पंप घेऊनच बसलेत असं मात्र समजू नका. श्ट्राउबिंगच्या पुढं एका घरावर खोली रिकामी असल्याची पाटी होती. बाईनं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि खोली गेली म्हणून सांगितलं. मी पाटीकडं बोट केलं. तिनं पाटी उलटी केली आणि दार लावून घेतलं. मी तिच्याच पायरीवर बसले आणि टोपलीतला पाव काढून खाल्ला. अर्धा तास लावला, एवढा सावकाश पाव मी जन्मात खाल्ला नाही. पडद्याआडून ती बघत होती. शेवटी शेजारीण आली आणि मला तिच्याकडं घेऊन गेली. वहिनीला सांगा, भाकर अशी मिळते. तेव्हा पार इथंही आहेत, त्यांच्यावर लाल फुलांच्या कुंड्या ठेवलेल्या असतात एवढंच.

तुम्हाला आवडेल असं एक सांगते. नदीकाठी किलोमीटरच्या पाट्या आहेत, पण मोजणी समुद्रापासून मागं केलेली. इथली पाटी बावीसशे सव्वीस म्हणते. म्हणजे नदी किती आली ते लिहीत नाहीत, अजून किती जायचंय ते लिहितात. रेल्वेत असं केलं तर प्रवासी बसायचेच नाहीत.

मालधक्का मी विसरलेले नाही. मी इथं उतरले नाही तर कुणाचं काही जात नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पैज मी हरले, आणि मागंही घेते. हे पत्र मनकर्णेला वाचून दाखवा. माझ्या कार्डावर विसंबून तिनं काही करू नये.

मी पुढं निघते. व्हिएन्ना अजून तीनशे वीस. पैज संपली, नदी संपलेली नाही.

रागावला असाल तर रागवा, पण लोभाचं खातं बंद करू नका.

आपली,
रुख्मिणी


व्हिएन्ना,
ता. ३ ऑगस्ट १९८८

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पोचले. सातशे अकरा किलोमीटर, दोन पंक्चर, एक नवा टायर, गुडघे दोन्ही शिल्लक. पासाऊपासून इथवर बाकं, बागा, देवळं, एक बँडवाल्यांचं पथक आणि शेवटी एक मंत्री वाटावा असा माणूस लागला. कुणापुढंही उतरले नाही. हे खरं आहे, पण माझ्या शब्दाला आता पहिल्यासारखं वजन नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तुम्ही मानलं नाही तरी चालेल. मला मात्र माहीत आहे. शनिवारी रेल्वेनं परत जाते, सायकल मालडब्यात.

सर्वांस लोभ, मनकर्णेला जास्त.
रुख्मिणी


चुडावा,
ता. ४ ऑगस्ट १९८८

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

बाबांना न सांगता लिहायलेय, म्हणून अक्षर घाईचं आहे.

तुझं चित्राचं कार्ड शनिवारी आलं. पोस्टमन रंगनाथकाका पूर्णेहून येताना पारावर पाणी प्यायला बसतात, आणि कार्ड उघडं असतं. त्यांनी ते तिथं मोठ्यानं वाचलं. चित्र सगळ्यांच्या हातांतून फिरलं, मागच्या बाजूला तेलाचा अंगठा पण उमटलाय. म्हणजे आपल्या घरी यायच्या आधीच दिनकररावांना कळलं होतं की तू कुणापुढं उतरली नाहीस, आणि मला काय करायला सांगितलंस. आई म्हणाली, एवढी शिकली, पण पाकिटात घालावं एवढं कळंना हिला.

सोमवारी पार दिसला तेव्हा सगळे माझीच वाट बघायलेले. एरवी कुणी मान वर करत नाही. उतरले असते तर तू खोटी पडली असतीस, आणि त्यांना ते बघायचंच होतं. मी पेडल मारलं आणि गेले. छाती इतकी वाजायलेली की घंटीची गरज नव्हती. कुणी काही बोललं नाही. मंगळवारी एकजण खोकला. बुधवारी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या होत्या, फक्त पाराला लागून दोन हात जागा मोकळी. त्यांना वाटलं आता तरी उतरेल. मी त्या दोन हातांतून गेले. दिनकररावांनी जोडे काढून खाली ठेवलेले होते, त्यातला एक चाकाखाली आला. मुद्दाम नाही आणला. पण वाईट पण नाही वाटलं.

आज फांद्या नव्हत्या. जोडे पण वर घेतलेले होते.

जोड्याचं बाबांना कळलंय. ते रागवत नाहीत. नुसतं माझ्या सायकलचे नट आवळून ठेवतात. काल तीन वेळा आवळले. त्यांनी जाऊ नको म्हटलं तर मी काय करू ते तू सांग. आणि तू अजून कुठं उतरली नाहीस ना, ते पण लिही. मी नकाशावर तुला व्हिएन्नाच्या जवळ आणून ठेवलंय.

माझ्यावर आहे तेवढाच लोभ ठेव, जास्त ठेवलास तर बाबांना संशय येईल.

तुझी,
मनकर्णा


चुडावा,
ता. १० ऑगस्ट १९८८

चि. रुख्मिणीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कार्डानं काय केलं ते मनकर्णेनं कळवलं असेलच. माझ्यापासून लपवून लिहिलेल्या त्या पत्राला तिकीट मीच चिकटवून दिलं.

तुझं पासाऊचं पत्र शनिवारी आलं. बंद असल्यामुळं रंगनाथला नुसतं बाहेरून हुंगावं लागलं. मी ते खिडकीत बसून वाचलं, आणि खरं सांगतो, मला हायसं झालं. वाटलं, मामला मिटला. पोरीला दाखवू, आत्या पण उतरली म्हणू, सोमवारपासून पहिल्यासारखं. तरी दोन दिवस पत्र सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडलो आणि दाखवलं नाही. तुझी बेइज्जती नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते कितपत खरं, ते सोड.

सोमवारी दिनकरराव स्टेशनवर आले. नवे जोडे घालून. आमची खिडकी तुला ठाऊक आहे, बोलायचं तर वाकावंच लागतं, मग कुणी असो. ते वाकले. म्हणाले की किशनराव, तुमची बहीण तिकडं उतरत नसेल, तिकडचा रिवाज तिकडं. पोर लहान आहे, रस्ता खराब आहे, उद्या चाक घसरलं तर आपल्यालाच वाईट वाटंल. आवाज असा मऊ की मागच्या माणसाला वाटावं माझ्या तब्येतीची चौकशी चाललीय. आणि तुझं पत्र माझ्या खिशात. नुसतं सांगितलं असतं, की अहो तीही पहिल्या दिवशी पाच वेळा उतरली, तर ते हसले असते, मी हसलो असतो, चहा झाला असता आणि पोरीला उतरवायचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं असतं. माझा हात खिशापर्यंत गेला होता. मग तो मी तिकिटांच्या कपाटाकडं नेला आणि विचारलं की कुठलं देऊ. ते म्हणाले तिकीट नको. मी म्हणालो, मग बाजूला व्हा, मागं लाईन आहे. मागं एक म्हातारी आणि तिची शेळी होती.

घरी येऊन पत्र मनकर्णेला दिलं. तिनं दोनदा वाचलं. पंपवाल्या म्हाताऱ्यापाशी हसली, आबांपाशी हसली नाही. मला वाटलं आता म्हणेल, आत्यानं फसवलं. तर म्हणे, आत्याला आठवडा लागला, मला एक दिवस लागला, आत्याचं वय झालंय. मी विचारलं, कार्ड तर खोटं निघालं, आता उद्या काय करणार. म्हणाली, कार्ड खोटं होतं, पण त्या सोमवारी मी गेले ते तर खरं हाय ना. सरजाबाई चुलीपुढून म्हणाली की पोरीचे नट आवळून झाले असतील तर स्वतःचे पण आवळा.

म्हणून काल सकाळी मीही माझी सायकल काढली. मनकर्णा पुढं, मी वीस हात मागं. ठरवून निघालो होतो, मनात शपथही घेतली होती. पार आला. मनकर्णा गेली, पाठ सरळ, एकदा घंटी. आणि मी, नामांतराचा सत्याग्रही, अकरा दिवसांचा कैदी, पारापुढं खाली उतरलो. पायांना जमीन लागली तेव्हा मला कळलं.

पारावर एकदम सैल झालं. दिनकररावांनी तोंडातली कडुलिंबाची काडी काढली आणि मायेनं म्हणाले, बरं केलंत. रुख्मिणी, ते चिडून बोलले असते तर मी खाली मान घालून चालत गेलो असतो, ते मला येतं. ते मायेनं बोलले, तिथं माझं अडलं.

आपली माणसं उतरतात ती पारापुढं, आणि पुन्हा बसतात ती कडुलिंबाच्या पलीकडं, पार दिसेनासा झाल्यावर. माझ्या माहितीत दुसरीकडं कुणी बसलेलं नाही. मी एक पाऊल चाललो नाही. तिथंच, त्यांच्या समोर, डावा पाय पेडलवर ठेवला. पन्नाशीला आलेला माणूस, काळा चिखल, आणि माझी सायकल उंच. एका पायानं लंगडी घालत चार उड्या मारल्या, एकदा पडता पडता राहिलो, मग टांग टाकली. उतरणारे त्यांनी आबांपासून पाहिलेत. पारापुढं चढणारा काल पहिल्यांदा पाहिला. मी घंटी वाजवली, आणि वळणापर्यंत वाजवतच गेलो.

वळणावर मनकर्णा थांबली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. म्हणाली, बाबा, उतरायलाव कशाला अन् चढायलाव कशाला. मी म्हणालो, शिकायलोय.

आज पुन्हा तिच्याबरोबर गेलो. आज उतरलो नाही असं लिहायला हात शिवशिवतोय, पण कार्डाचं काय होतं ते आपण पाहिलं. आजही उतरलो. तिथंच चढलो. लंगडीच्या उड्या चारच्या दोन झाल्या. आज बरं केलंत असं कुणी म्हणालं नाही. दिनकरराव तोंड फिरवून बसले होते, बाकीचे नवीन काही दिसेल म्हणून नीट पुढं सरकून.

उद्यापासून बारा दिवसांची रजा टाकली आहे. अर्जात कारणाच्या जागी सायकल शिकणे असं लिहिलं. मास्तर म्हणाले, किशनराव, तुम्ही रोज तर सायकलवर येता. मी म्हणालो, साहेब, चुडाव्यात येते, पूर्णेत येते, मधली शंभर पावलं राहिलीत.

लोभ आहेच. तो घेऊन लवकर ये, आणि पूर्णेला उतरलीस की सायकलनंच ये.

तुझा,
दादा